बाबांचं ‘जनता’ होतं, मग डायलवर ‘पायलट’ कसं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. घड्याळांतलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणून इथे विचारते.

कपाट आवरताना बाबांचं चावीचं एचएमटी सापडलं. १९७६ला लग्नात आजोबांनी जावयाला दिलेलं. चावी दिली की अजून चालतं, दिवसाला पाचेक मिनिटं मागे पडतं इतकंच. पण डायल काळी आहे आणि वर ‘पायलट’ लिहिलंय. आई ठाम आहे: "पांढरी डायल होती, ‘जनता’ होतं. हे भलत्याच कुणाचं तरी आहे." लग्नाच्या फोटोत बाबांचं मनगट हारामागे गेलंय, पण माझ्या बारशाच्या फोटोत डायल पांढरीच दिसते.

दुरुस्तीत घड्याळच बदललं गेलं, की नुसती डायल? विकायचं नाहीये, त्यामुळे किंमत सांगू नका. बाबांचंच आहे का, एवढंच हवंय.

चावीवाला:
ताई, एचएमटीने १९६१ला बंगळूरला सिटिझनच्या मदतीने घड्याळं काढायला घेतली. पुढे ‘जनता’ आणि ‘पायलट’ या दोन्ही मॉडेलांत एकच मशीन आलं, १७ ज्वेलचं (म्हणजे झीज टाळायला आत बसवलेले बारीक खडे), ०२३१ नंबरचं. त्यामुळे झाकण उघडून ०२३१ दिसलं तरी काहीच सिद्ध होत नाही. डायल भिंगाखाली बघा. कंपनीची छपाई बारीक आणि रेखीव असते. रंगवून घेतलेल्या डायलवर अक्षरं जाड होतात, मिनिटांच्या रेघा कुठे दाट कुठे विरळ. आणि काटे बघा! पायलटच्या काट्यांत ‘रेडियम’ (म्हणजे अंधारात चमकणारा रंग) भरलेलं असतं. काळ्या डायलवर साधे काटे असतील तर घड्याळ तेच, चेहरा तेवढा बदललाय.

टिकटिक:
जुन्या मशीनवर नवी रंगवलेली डायल चढवून विकतात, त्याला संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. (मी मुंबईचाच, त्यामुळे दोन फसवून घेतलीत.) तुमचं तसलं वाटत नाही, विकायला कुणी काढलंच नव्हतं ना. झाकण आतून जरूर बघा. जुने घड्याळजी दुरुस्तीची तारीख किंवा खूण टोकदार हत्याराने आत कोरून ठेवायचे. फक्त घरी सुरीने उघडू नका, काम जाणणाऱ्याकडे न्या.

मी (धागाकर्ती):
उघडून आणलं. काटे साधेच, रेडियमचा पत्ता नाही. भिंगाखाली ‘पायलट’ची अक्षरं पाण्यात भिजल्यासारखी फुगलेली. झाकणात आतून तीन ओरखडे आहेत. दोन लागत नाहीत, तिसरा स्पष्ट: ८-११-८३.

आईला तारीख वाचून दाखवली. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या दिवाळीत हे घड्याळ घालूनच नदीत उतरले होते. पाणी गेलं, डायलवर डाग पडले. माझ्या वडिलांनी दिलेलं बुडवलंत, असं मी बोलले. नंतर हातात दिसलंच नाही, मला वाटलं फेकलं."

म्हणजे गुपचूप दुरुस्त करून आणलं आणि काळी डायल बघून आई आणखी बोलेल म्हणून कपाटात ठेवलं, असा माझा अंदाज. पांढरी डायल मिळाली तर बसवू का, असं आईला विचारलं. नको म्हणाली.

चावीवाला, तेवढी ती पाच मिनिटं कशी भरून काढायची ते सांगा. आता आई घालतेय.