मदत हवी आहे : युद्धोत्तर डच जॅझमधील सुरिनामी वादक

दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समधील जॅझ ‘डच’ कसा झाला, यावर मी दीर्घ लेख लिहीत आहे. मिशा मेंगेलबर्ग, हान बेनिंक आणि विलेम ब्रॉयकर या वादकांनी १९६७ साली स्थापन केलेला ‘इन्स्टंट कंपोझर्स पूल’ हा वादकसमूह आणि १९७४ साली ॲमस्टरडॅममध्ये सुरू झालेले ‘बिमहाउस’ हे जॅझ-सभागृह यांविषयी भरपूर वाचायला मिळाले; किंबहुना सगळी कथा तिथूनच सुरू केली जाते, हीच माझी अडचण आहे. दक्षिण अमेरिकेतील सुरिनामच्या राजधानीत, पारामारिबोत जन्मलेला सॅक्सोफोनवादक किड डायनामाइट त्याच्या कितीतरी आधीपासून डच क्लबांत वाजवत होता, आणि सुरिनाम तर १९७५ पर्यंत डच राज्याचाच भाग होता. मग अशा वादकांना तेव्हा ‘आपले’ मानले जात होते की ‘परके’?

‘डेल्फर’ या जुन्या डच वृत्तपत्रांच्या मोफत डिजिटल संग्रहात मी वादकांच्या नावांनी शोध घेतला, परंतु बहुतांशी कार्यक्रमांच्या जाहिरातीच हाती लागल्या. मला डच येत नाही, यंत्रानुवादावर भागवावे लागते, आणि तिकडे प्रत्यक्ष जाणे शक्य नाही. १९४५ ते १९६० या काळातील समीक्षा आणि वाचकांची पत्रे सापडावीत, यासाठी कोणते डच शब्द (१९४७ च्या शुद्धलेखन-बदलापूर्वीच्या रूपांसह) वापरून शोध घ्यावा?