मदत हवी आहे: १९८१ चं पिनबॉल मशीन घरी साफ करून चालू करायचंय (पुणे)

चेंडूफळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बॅली कंपनीचं 'एट बॉल डिलक्स' (१९८१) वापरलेल्या अवस्थेत मिळालंय. सध्या कर्वेनगरला तळमजल्यावरच्या खोलीत आहे. अजून प्लग लावलेला नाही. स्थिती अशी:

प्लेफील्डवर (चेंडू फिरतो त्या लाकडी पटावर) काळपट चिकट थर आहे, चेंडूच्या नेहमीच्या वाटेवर बारीक गोल ओरखडे. रबरं निम्मी तुटलेली, उरलेली बोटाला चिकटतात. मुख्य बोर्डवर बॅटरीच्या आसपास हिरवट-पांढरी पूड. बॅकग्लासच्या (उभ्या मागच्या पेटीवरच्या रंगवलेल्या काचेच्या) एका कोपऱ्यात आतल्या बाजूने रंगाचे पापुद्रे सुटलेत. एक फ्लिपर (चेंडू मारायचा दांडा) हाताने उचलला की खाली येत नाही. प्लग अमेरिकन, चपट्या पिनांचा. नाण्यांच्या दाराची किल्ली नाही.

प्रश्न: १) सुरुवात कुठून करू? २) प्लेफील्ड कशाने पुसायचं? ३) पुण्यात काय मिळेल आणि काय बाहेरून मागवावं लागेल? सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर आहे.

---

तांब्याचीतार

प्लग लावला नाहीत हे उत्तम केलंत. बोर्डची डागडुजी होईपर्यंत लावूही नका.

आधी व्होल्टेज. अमेरिकन मशीन १२० व्होल्टवर चालतं. पिनेचा अडॅप्टर लावून ते २३० ला जोडलंत, तर आत सगळीकडे दुप्पट व्होल्टेज जाईल. या काळातल्या बहुतेक ट्रान्सफॉर्मरना प्रायमरीवर वेगवेगळे टॅप असतात आणि जंपर बदलून ते २२० किंवा २४० वर नेता येतात. पण हे तुमच्या मशीनच्या स्किमॅटिकमधला (सर्किटच्या नकाशातला) तक्ता समोर ठेवूनच करा, अंदाजाने नको. टॅप बदललात तर मेन फ्यूज निम्म्या अँपियरचा घाला, कारण दुप्पट व्होल्टेजला करंट निम्मा लागतो. खात्री नसेल तर सरळ स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर घ्या. ५०० व्हीए पुरेल, ७५० घेतलात तर तापायची काळजी नाही. अर्थिंग मात्र दोन्ही प्रकारांत हवंच: ट्रान्सफॉर्मरची फ्रेम, नाण्यांचं दार आणि बाजूच्या स्टीलच्या पट्ट्या मीटरने अर्थ पिनेपर्यंत तपासा.

हिरवट पूड म्हणजे फुटलेली निकेल-कॅडमियम बॅटरी. ३.६ व्होल्टचा पॅक बोर्डवरच सोल्डरने डागलेला असतो. त्यातला क्षार तांबं खातो, आणि सगळ्यात आधी रीसेट सर्किट खातो, कारण ते शेजारीच आहे. क्रम असा:

बॅटरी कापून काढा. हिरवे झालेले रेझिस्टर, ट्रान्झिस्टर आणि सॉकेट काढून टाका, ते वाचवायच्या फंदात पडू नका. बारीक सँडपेपरने ट्रॅक तांबूस चमकेपर्यंत घासा. काळ्या तांब्यावर सोल्डरचा डाग धरत नाही. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून जुन्या टूथब्रशने चोळा (क्षार आम्लाने मरतो), साध्या पाण्याने भरपूर धुवा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. एक दिवस वाळू द्या. नंतर प्रत्येक ट्रॅक या टोकापासून त्या टोकापर्यंत मीटरने वाजवून बघा, तुटला असेल तिथे वायर टाका.

नवी बॅटरी बोर्डवर लावू नका. २२ पायांच्या ५१०१ रॅमच्या जागी एनव्हीरॅमचं (वीज गेली तरी माहिती टिकवणाऱ्या मेमरीचं) छोटं मॉड्यूल बसतं, बॅटरीचा प्रश्नच मिटतो. साधे तीन पेन्सिल सेल लांब डब्यात ठेवूनही चालतं, पण मध्ये १एन४००१ डायोड हवाच. हे सर्किट बॅटरी चार्ज करतं आणि साधे सेल चार्ज झाले की तेही फुटतात. बॅटरीविना मशीन चालतं. फक्त हाय स्कोअर आणि क्रेडिट टिकत नाहीत. बाकीची बहुतेक सेटिंग डिप स्विचवर (बोर्डवरच्या छोट्या खटक्यांवर) असतात.

---

रंगारी

प्लेफील्डबद्दल. पहिला नियम: पाणी नाही. खाली प्लायवूड आहे. रंगाला सूक्ष्म चीर असेल तिथून पाणी शिरलं की लाकडाच्या शिरा फुगतात आणि रंग उचलला जातो. काच पुसायचा अमोनियाचा फवारा, भांड्यांची पूड, रॉकेल यांपैकी काहीही नको.

आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. चाळीस-पन्नास म्हणजे कमीच. मग वरचे प्लास्टिक, खांब, रबरं काढा. प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळ्या पिशवीत, पिशवीवर फोटोचा नंबर. इथे घाई केली की शेवटी सहा स्क्रू उरतात आणि त्यातला एक लांब असतो, तो चुकीच्या जागी घातला की प्लेफील्डच्या आरपार.

मोकळी धूळ मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढा. चिकट थर आणि जुनं मेण लायटर फ्लुइडने (नॅप्था) सुटतं: सुती कापडावर घेऊन पुसायचं, थेट ओतायचं नाही. खिडक्या उघड्या, मशीनची वीज बंद, प्लग बाहेर. कॉइलच्या स्विचवर ठिणग्या पडतात, त्यामुळे वास पूर्ण जाईपर्यंत वीज लावायची नाही. त्यानंतर प्लास्टिकसाठीचं बारीक पॉलिश, छोट्या छोट्या भागात. शेवटी शुद्ध कार्नाबा पेस्ट वॅक्सचा पातळ थर, वाळला की कोरड्या कापडाने घासून काढायचा. सिलिकॉन असलेलं कार पॉलिश टाळा. पुढेमागे क्लिअर कोट मारायचा झाला तर त्यावर माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात.

खाली बसलेल्या इन्सर्टला (प्लेफील्डमध्ये बसवलेल्या, खालून उजळणाऱ्या प्लास्टिकच्या तुकड्यांना) सध्या हात लावू नका. ते चेंडू अडवत असतील तरच काढून एपॉक्सीने पातळी जुळवायची, आणि ते वेगळंच काम आहे.

बॅकग्लासच्या रंगाच्या बाजूला कापड लावू नका. कोरडंसुद्धा नाही. सुटलेले पापुद्रे बोटाने दाबले की तुटतात. जाड ॲक्रिलिक क्लिअर स्प्रेचे दोन-तीन हात देऊन आहे ते धरून ठेवायचं, एवढंच घरी शक्य आहे. आणि बॅकग्लास भिंतीला टेकवून ठेवू नका. पावसाळ्यात तळमजल्याच्या भिंतीची ओल रंग उचलते.

---

खडखड

रंगारींनी मेलामाइन स्पंजचा उल्लेख केला नाही. गोल ओरखड्यांतली काळी धूळ पॉलिशने निघत नाही. स्पंज आयसोप्रोपिलमध्ये भिजवून हलकेच फिरवला की निघते.

---

रंगारी

मुद्दामच टाळला. मेलामाइन म्हणजे अतिशय बारीक सँडपेपरच. घाणीबरोबर वरचा लॅकरही जातो. लॅकर शाबूत असलेल्या जागी अनुभवी हात वापरतात, पण पहिल्याच मशीनवर नको. स्पंजवर निळा किंवा लाल रंग दिसला तर थांबा, तो रंग प्लेफील्डचा आहे. काळ्या रेषा थोड्या राहिल्या तर राहू द्या. खेळायला फरक पडत नाही.

---

जुनीखोडं

किल्ली नाही म्हणजे काचही निघणार नाही. पुढची आडवी पट्टी सोडवायचा खटका नाण्यांच्या दाराच्या आत असतो. कुलपाच्या मधोमध ६ मिमीने ड्रिल करा, मग मोठ्या बिटने वाढवा. दाराचा पत्रा ओढून वाकवू नका. नवं कॅम लॉक बोहरी आळीत मिळेल, जुन्याची नळीची लांबी मोजून न्या.

खरेदीचं थोडक्यात. आयसोप्रोपिल, फ्यूज होल्डर, डायोड, ट्रान्झिस्टर, कपॅसिटर, ३.९६ मिमी पिचच्या पिना आणि क्रिंप हे सगळं तपकीर गल्लीत शोधा. कनेक्टरची घरं नवीन घेतलीत तरी जुनी तार दाबून बसवू नका, क्रिंप करा (पक्कडीने पिनेत आवळा). फ्लिपरचे सुटे भाग, रबरांचा पूर्ण संच, प्लास्टिक आणि एनव्हीरॅम बाहेरूनच. एकाच ऑर्डरमध्ये मागवा, पाठवणावळ आणि कस्टम ड्यूटी दरवेळी लागते.

चेंडू २७ मिमीचा (१ १/१६ इंच), साधारण ८० ग्रॅम. बेअरिंगवाल्याकडे मापाची गोळी मिळते. गुळगुळीत, आरशासारखी हवी. जुना चेंडू नखाला खरखरीत लागला तर टाकून द्या. प्लेफील्ड खरवडतो तो हाच.

रबराला पर्याय म्हणून नायट्राइल ओ-रिंग बसवतात. खांबांना तात्पुरती ठीक, पण ती चेंडू परत फेकत नाही, मशीन मेल्यासारखं वाटतं. फ्लिपरला तर नकोच.

---

तांब्याचीतार

फ्लिपर राहिला. खाली न येण्याचं कारण बहुधा कॉइलमधली नायलॉन स्लीव्ह: उष्णतेने आकसते किंवा प्लंजरचं टोक फुलून त्यात अडकतं. कुणीतरी आत तेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारला असेल तर त्याचा चिखल झालेला असतो. स्लीव्ह, प्लंजर, लिंक आणि कॉइल स्टॉप एकदमच बदला. आत काहीही वंगण घालायचं नाही, ते कोरडंच चालतं. फ्लिपर वर-खाली किंचित, पाऊण मिलिमीटरभर हलला पाहिजे. अजिबात हलत नसेल तर तो बुशिंगवर घासतोय.

त्याच्या शेजारचा एंड-ऑफ-स्ट्रोक स्विच फार महत्त्वाचा. फ्लिपर खाली असताना तो बंद (पॉइंट टेकलेले), पूर्ण वर गेल्यावर सुमारे ३ मिमी उघडा. उघडला नाही तर जोराचा करंट चालू राहतो आणि कॉइल जळते. नीट बंद झाला नाही तर फ्लिपर मऊ पडतो. त्याचे पॉइंट टंगस्टनचे असतात, बारीक कानशीने घासायचे. बाकीच्या प्लेफील्ड स्विचना कानस लावू नका, त्यांचा सोन्याचा मुलामा जातो. ते दाबून मधून कोरं जाड कार्ड ओढा, बास.

कॉइल जळलेलीच निघाली तर मोटर रिवाइंडिंगवाला गुंडाळून देईल. कॉइलवर एक्यू-२५-५००/३४-४५०० असं छापलं असेल तर २५ गेजचे ५०० वेढे आणि ३४ गेजचे ४५०० वेढे. इथेच लोक फसतात: हे अमेरिकन गेज आहे आणि आपल्याकडचा कारागीर ब्रिटिश गेज धरतो. त्याला मिलिमीटर सांगा: ०.४५ आणि ०.१६. नाहीतर तार जाड भरते आणि वेढे मावत नाहीत. कॉइलवरच्या डायोडचा पट्टा पॉझिटिव्ह तारेकडे हवा.

---

चेंडूफळी

सगळ्यांचे आभार. कुलूप निघालं, फ्लिपरचा संच मागवलाय, बोर्ड वर लिहिल्याप्रमाणे धुऊन दुरुस्त केला आणि एनव्हीरॅम बसवली. स्टेपडाऊनवर मशीन चालू केलं. बोर्डवरचा एलईडी सुरुवातीला लुकलुकतो, मग सहा वेळा चमकतो आणि थांबतो. पडद्यावर आकडे नाहीत, खेळ सुरू होत नाही. बोर्ड अजून खराब आहे का?

---

तांब्याचीतार

उलट बोर्ड बरा दिसतोय. आधीच्या सहा चाचण्या पार झाल्यात. सातवा चमकारा कॉइलच्या ४३ व्होल्टशी जोडलेला आहे. ते बोर्डापर्यंत पोचत नाहीत म्हणून तो थांबतो. रेक्टिफायर बोर्डवरचा कॉइलचा फ्यूज बघा, डोळ्याने नाही, काढून मीटरने. फ्यूज ठीक असेल तर ब्रिज रेक्टिफायर, आणि त्या बोर्डच्या कनेक्टरच्या पिना. मागून भिंगाने बघा: पिनेभोवती सोल्डरमध्ये बारीक गोल चीर दिसते. सगळ्या पिनांना पुन्हा डाग द्या.

मीटर लावताना जपून. पडद्यांसाठी याच बोर्डवरून २३० व्होल्ट डीसी निघतो आणि मशीन बंद केल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये तो राहतो. एक हात खिशात ठेवून मोजा. ५ व्होल्टची लाइन ४.९ ते ५.२ मध्ये हवी. डळमळत असेल तर सोलेनॉइड बोर्डवरचा (कॉइल चालवणाऱ्या बोर्डवरचा) जुना ११,७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून १५,००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा घाला. चाळीस वर्षांचा आहे तो, तसाही बदलायचाच होता.

---

चेंडूफळी

फ्यूजच होता. नवा घातला. सातवा चमकारा आला, आकडे आले, आवाजही आला! पण चालू करताच एक बंपर कॉइल ओढून धरते. लगेच बंद केलं. आणि एका टार्गेटला हात न लावता अधूनमधून गुण मिळतात.

---

खडखड

बंपर: त्याचा ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे. टिप१०२ घाला. आधी कॉइल मीटरने मोजा. २ ओहमच्या खाली आली तर कॉइलच गेली आहे, नवा ट्रान्झिस्टरही जाईल. कॉइलवरचा डायोड तुटलाय का तेही बघा, बहुधा मूळ कारण तेच. प्लेफील्डच्या खाली १ अँपियरचा स्लो-ब्लो फ्यूज असतो. तो तिथे आहे आणि १ चाच आहे याची खात्री करा. तिथे जाड तार गुंडाळलेली सापडली तर आश्चर्य नको.

आपोआप गुण: त्या टार्गेटच्या स्विचवर ०.०५ मायक्रोफॅरडचा छोटा चकतीसारखा कपॅसिटर असेल, तो शॉर्ट होतो. एक पाय कापून बघा. गुण थांबले तर तोच दोषी. नवा लावा, पण तो नसतानाही स्विच चालतो, फक्त अगदी झटक्यात लागलेला फटका कधी कधी मोजला जात नाही.

---

जुनीखोडं

काच फुटलेली असेल तर एक सूचना: ५ मिमी टफन्ड, २१ × ४३ इंच, म्हणजे ५३३ × १०९२ मिमी. पण आधी तुमच्या खाचा मोजा. टफन्ड काच भट्टीतून आली की कापता येत नाही, मापात ३ मिमी चुकलं तर पैसे पाण्यात. कडा घासून घ्या.

शेवटी उतार. या काळातल्या मशीनना साधारण ३.५ अंश देत. मोबाइलचं लेव्हल ॲप काचेवर नाही, प्लेफील्डवर ठेवून मोजा. आधी डावी-उजवी पातळी जुळवा, मग मागचे पाय वर घ्या. पायांखाली रबरी चकत्या ठेवा, फरशीवर मशीन सरकलं की टिल्ट लागतो (मशीन हलवलं असं समजून खेळ थांबतो).