जुनी मर्सिडीज घेतोय, काय काय तपासू? मदत हवी आहे

मंडळी, म्हापशात २०१८ ची डिझेल ई-क्लास बघून आलो. मीटर ५२ हजार किमी दाखवतोय, पण स्टिअरिंगचं चामडं आणि ब्रेक पेडलचं रबर पार गुळगुळीत झालंय. मीटर मागे फिरवलाय की काय, तिथेच पाल चुकचुकली. सर्व्हिसच्या नोंदी मालक 'शोधून देतो' म्हणतो, आठवडा झाला. गाडी कर्नाटक पासिंगची, म्हणजे तिथल्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) आणि गोव्याचा रोड टॅक्स आलाच. कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५ मागितलाय.

खरी भीती वेगळीच. दोन पावसाळे ती कळंगुटला समुद्रालगत उघड्यावर होती. गंज आणि कार्पेटखालची ओल नेमकी कुठे बघू? लिफ्टवर चढवून, स्कॅनर लावून तपासणारा भरवशाचा मेकॅनिक पणजी-फोंड्याकडे कोणी सुचवेल का? बायको म्हणते, नवी क्रेटा घे आणि गप्प बस!