प्रबंधासोबत दोन पाने मराठीत: विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी आपले संशोधन लोकांना सांगणे बंधनकारक असावे का?

ओंजळ (धागाकर्ता)

डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले, तेव्हा त्यांच्याविषयी जे लिहिले-बोलले गेले, त्यात एक आठवण पुन्हा पुन्हा आली. स्वाक्षरी मागायला आलेल्या मुलांना ते सांगत की, पोस्टकार्डावर तुझा प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर पाठवीन आणि त्याखाली माझी सही असेल. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्यासोबत गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडलेला आणि १९८८ पासून पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी करणारा माणूस शाळकरी मुलांच्या पोस्टकार्डांसाठी वेळ काढत होता. हे आपण त्यांचे मोठेपण म्हणून सांगतो. मला मात्र वाटते की, ते शास्त्रज्ञाच्या कामातच मोडते आणि केवळ मोठेपण म्हणून गौरवून आपण बाकीच्यांना त्यातून मोकळे करतो.

माझा प्रस्ताव असा आहे. महाराष्ट्रातील विद्यापीठांत विज्ञानशाखेचा पीएच.डी.चा प्रबंध सादर होतो, तेव्हा त्यासोबत दोन पानांचे मराठी निवेदन असावे: प्रश्न काय होता, तो कसा सोडवला, काय हाती आले आणि काय आले नाही. दहावी झालेल्या माणसाला ते समजले पाहिजे, आणि मौखिक परीक्षेत त्यावर किमान एक प्रश्न विचारला गेला पाहिजे.

यामागचे कारण साधे आहे. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे देशभरच्या प्रबंधांच्या संकेतस्थळावर चढतो, म्हणजे तो कागदोपत्री सर्वांसाठी खुला होतो. पण इंग्रजीत, आणि तेही त्या विषयातल्या वीस-पंचवीस माणसांच्या इंग्रजीत. शोधनिबंधांची स्थिती याहून बिकट आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजना मंजूर केली आणि तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवले. त्यातून सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय उच्च शिक्षण संस्थांतील विद्यार्थी, प्राध्यापक आणि संशोधक यांना खुली होतात. ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु ज्याच्या करातून हे पैसे येतात, तो तालुक्यातला शिक्षक किंवा बागायतदार त्या दारातून आत जाऊ शकत नाही. संशोधनाला एकदा आणि ते वाचायला पुन्हा एकदा पैसे देऊनही त्याच्या हाती काही लागत नसेल, तर निदान दोन पाने मागण्याचा त्याचा हक्क आहे.

प्रयोगवही

मी एका विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात शिकवते आणि या प्रस्तावाला माझा विरोध आहे. लोकांना विज्ञान सांगू नये, असे मला वाटत नाही. मी स्वतः वर्षातून चार-पाच शाळांत जाते. विरोध सक्तीला आहे.

सक्ती केली की काय होते, ते मी २८ फेब्रुवारीच्या निमित्ताने दरवर्षी पाहते. रामन यांच्या १९२८ मधील शोधाची आठवण म्हणून १९८७ पासून आपण विज्ञान दिन साजरा करतो. काही ठिकाणी तो खरोखर जिवंत असतो. पण पुष्कळ ठिकाणी व्याख्यान, हजेरीपत्रक, छायाचित्रे आणि मूल्यांकन समितीसाठी अहवाल, एवढ्यावर तो आटोपतो. दोन पानांच्या निवेदनाचेही तेच होईल. इंग्रजी सारांश भाषांतराच्या यंत्रात टाकला जाईल, जे बाहेर येईल ते बांधणीत लावले जाईल, आणि ते कोणीही वाचणार नाही.

दुसरे असे की, व्यवस्थेला हे काम नको आहे, हे आपण स्पष्ट बोलले पाहिजे. प्राध्यापकांच्या नेमणुकी-बढतीसाठीच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत विज्ञानशाखेतील एका शोधनिबंधाला ८ गुण आहेत. अनुवादित पुस्तकालाही गुण आहेत. मराठी नियतकालिकात सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या लेखाला त्या तक्त्यात रकाना नाही. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या ‘वैज्ञानिक सामाजिक जबाबदारी’विषयीच्या २०१९ च्या मसुद्यात प्रत्येक संशोधकाने वर्षातून किमान दहा दिवस समाजासाठी द्यावेत असे होते, आणि २०२२ मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वेही आली. मात्र ज्या ‘विज्ञान प्रसार’ संस्थेत हे काम जाणणारी माणसे होती, ती २०२३ मध्ये बंद झाली. जाणत्यांची संस्था बंद करायची आणि ते ओझे प्रबंधाच्या शेवटच्या महिन्यात रात्र-रात्र जागणाऱ्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर ठेवायचे, हे मला न्याय्य वाटत नाही.

नारळीकरांचे उदाहरण प्रेरणा म्हणून योग्य आहे, पण नियम करण्यासाठी योग्य नाही. उत्तम संशोधन करणारी आणि चार माणसांसमोर अडखळणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना त्यांचे काम करू द्यावे.

सावधान

मला भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. संशोधन लोकांपुढे आणण्याच्या उत्साहात ते तपासले जाण्यापूर्वीच बाहेर पडते.

३१ जानेवारी २०२० रोजी दिल्लीच्या आयआयटीतील संशोधकांनी एक अप्रकाशित निबंध संकेतस्थळावर ठेवला. नव्या करोना विषाणूच्या काट्यासारख्या प्रथिनात चार छोटे तुकडे असे आहेत की, ते एचआयव्हीच्या प्रथिनांशी विलक्षण मिळतेजुळते आहेत, असा त्यात दावा होता. इतर शास्त्रज्ञांनी तत्काळ दाखवून दिले की, इतके छोटे तुकडे असंख्य जीवांत योगायोगाने जुळतात. दोनच दिवसांत लेखकांनी निबंध मागे घेतला. पण तोवर तो जगभर पोहोचला होता, आणि विषाणू मुद्दाम बनवला आहे असे म्हणणाऱ्यांच्या हाती आयते कोलीत मिळाले होते. निबंध मागे घेतल्याची बातमी मूळ दाव्याइतकी पसरली नाही. ती तशी कधीच पसरत नाही.

हे नवे नाही. २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतील युटा विद्यापीठाने पत्रकार परिषद घेऊन जाहीर केले की, सूर्यात चालते तसे अणुसंमीलन साध्या टेबलावरच्या उपकरणात घडवून आणले आहे. जगभरच्या प्रयोगशाळा कामाला लागल्या आणि बहुतेकांना तसे काहीच आढळले नाही. विद्यापीठाला प्रसिद्धीची घाई झाली की विज्ञानाची हानी होते. लोकांपर्यंत काय न्यायचे याचा विचार झाल्याशिवाय न्यायची सक्ती करणे मला धोकादायक वाटते.

ओंजळ

सावधान यांचे उदाहरण खरे आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला उलटा दिसतो. तो निबंध दोन दिवसांत मागे का घेतला गेला? कारण तो सर्वांसमोर होता आणि टीकाही सर्वांसमोर झाली. बंद कपाटातली चूक वर्षानुवर्षे टिकते. शिवाय माझा प्रस्ताव परीक्षकांनी तपासलेल्या प्रबंधापुरताच आहे. पत्रकार परिषदांचा मी पुरस्कार केलेला नाही.

२०२० च्याच जून महिन्यात लोणारच्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा नाना तर्क सुरू झाले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितले की, हा रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचा आहे. पाणी आटले, क्षारता वाढली, हे जीव फोफावले. उत्तर वेळेवर आणि समजेल अशा शब्दांत मिळाले. अशा वेळी शास्त्रज्ञ गप्प राहिले, तर ती जागा रिकामी राहत नाही. दुसरे कोणीतरी ती भरते.

जुन्नरकर

मी नारायणगावजवळचा. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या लहानपणापासून पाहत आलो आहे. एकूण ३० तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यांतल्या १४ मध्यभागी जवळजवळ आणि बाकीच्या तीन फाट्यांवर दूरपर्यंत पसरलेल्या, शेताशेतांच्या मधे. या दुर्बिणीला आकाशातून येणारा संदेश इतका क्षीण असतो की, विजेच्या तारांवरची ठिणगी किंवा भ्रमणध्वनीचा मनोरा त्यात व्यत्यय आणतो. म्हणजे परिसरातल्या माणसाला दुर्बीण काय करते हे कळणे ही तिथे निव्वळ सौजन्याची गोष्ट नाही. दुर्बिणीचे काम त्यावर अवलंबून आहे.

दरवर्षी विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरते. शाळा-महाविद्यालयांची मुले आपले प्रयोग मांडतात आणि पंचक्रोशीतून माणसे येतात. प्रयोगवही यांनी सांगितलेला हजेरीपत्रकाचा विज्ञान दिन मीही पाहिला आहे, पण हा तसा नाही. माझ्या वडिलांनी तिथल्या एका संशोधकाला विचारले होते की, तबकडीला जाळी का, पत्रा का नाही? त्याने उत्तर दिले की, ज्या लहरी पकडायच्या त्यांची लांबी जाळीच्या भोकांपेक्षा पुष्कळ मोठी आहे, त्यामुळे त्यांना ती जाळी सलग पत्र्यासारखीच असते, आणि वारा मात्र आरपार जातो, म्हणून एवढी मोठी तबकडी हलकी ठेवता येते. वडील चौथी शिकलेले. ते उत्तर त्यांनी पुढे गावात किती जणांना सांगितले असेल, याची गणती नाही.

जून २०२३ मध्ये जगातल्या अनेक गटांनी मिळून जाहीर केले की, ठरावीक लयीत रेडिओ ठोके देणाऱ्या दूरच्या स्पंदक ताऱ्यांच्या ठोक्यांतील सूक्ष्म फरकांवरून अतिमंद गुरुत्वीय लहरींची, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या तरंगांची, चाहूल लागली आहे. त्यात खोडदच्या दुर्बिणीची निरीक्षणे होती. दोन पाने मराठीत असावीत की नाही, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मला ती हवी आहेत.

घाटवाट

मला ओंजळ यांच्याशी वेगळ्या बाजूने भांडायचे आहे. ‘सांगणे’ हा शब्दच अपुरा आहे. शास्त्रज्ञाकडे ज्ञान आहे आणि लोकांकडे फक्त कान आहेत, असे त्यात गृहीत धरले आहे.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आयुष्यभर काम केलेल्या माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पश्चिम घाटाचा अहवाल ३१ ऑगस्ट २०११ रोजी केंद्राला दिला. तो लोकांसमोर यायला माहिती अधिकाराचा लढा द्यावा लागला आणि मे २०१२ उजाडला. अहवालाचे मर्मच असे होते की, तो स्थानिक भाषांत ग्रामसभांपुढे जावा आणि कोणत्या भागाला किती संरक्षण हवे, हे त्यांच्याशी बोलून ठरावे. सिंधुदुर्गातील काही ग्रामसभांनी खाणी नकोत, आमचा भाग संवेदनशील जाहीर करा, असे ठरावही केले. उलट जिथे अहवालाऐवजी अहवालाविषयीच्या अफवाच आधी पोहोचल्या, तिथे शेतकऱ्यांना वाटले की, आता आपल्याला उठवणार.

अहवाल मराठीत वेळेवर मिळाला असता तर सर्व काही सुरळीत झाले असते, असे मी म्हणत नाही, कारण खाणींमागे मोठे हितसंबंध आहेत. पण जे संशोधन लोकांच्या डोंगराविषयी, पाण्याविषयी, रोगांविषयी आहे, त्यात शेवटी दोन पाने जोडणे म्हणजे जेवण आटोपल्यावर आमंत्रण देणे होय. कोणत्या ओढ्याला मार्चनंतर पाणी नसते, हे संशोधकाला गावातच कळते. प्रश्न ठरवतानाच लोक तिथे असले पाहिजेत.

याचे पुण्यातलेच एक चांगले उदाहरण आहे. २००८ मध्ये नारळीकर, पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिषांना जाहीर आवाहन करून चाचणी घेतली. हुशार मुले आणि मतिमंद मुले यांच्या एकूण २०० पत्रिका जमवल्या होत्या. त्यांतल्या चाळीस-चाळीस प्रत्येक ज्योतिषाला देऊन कोणती कोणाची हे ओळखायला सांगितले. २७ जणांनी उत्तरे पाठवली आणि त्यांतली सुमारे ४६ टक्के बरोबर आली, म्हणजे नाणे उडवले असते तर आली असती साधारण तितकीच. लोक इथे केवळ श्रोते नव्हते. ते प्रयोगाचा भाग होते, आणि म्हणूनच त्या निकालावर कट्ट्याकट्ट्यावर वाद झाला.

सावधान

घाटवाट यांचा मुद्दा पर्यावरणाला आणि आरोग्याला लागू होतो, हे मान्य. पण क्वांटम रसायनशास्त्रातल्या प्रबंधाचा प्रश्न ग्रामसभेत कसा ठरणार? आणि भाषेचे काय? पुण्या-मुंबईच्या संशोधन संस्थांत बरेच विद्यार्थी बंगाली, मल्याळी, तेलुगू असतात.

परिभाषेची अडचणही मोठी आहे. भाषा संचालनालयाचे कोश आहेत, पण त्यांतले कित्येक शब्द वाचकाला इंग्रजी शब्दाइतकेच परके आहेत. असे शब्द घालून लिहिलेली दोन पाने मराठी असूनही कोणाला कळणार नाहीत.

ओंजळ

शब्द कोशात राहिले म्हणून परके राहिले. ‘कृष्णविवर’ हा शब्द आज नववीतला मुलगा सहज वापरतो. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने पाठवलेल्या आपल्या पहिल्या विज्ञानकथेचे नाव नारळीकरांनी तेच ठेवले होते. दीर्घिका, जनुक, गुणसूत्र हे शब्दही लिहून लिहूनच रुळले. आणि जिथे ‘लेसर’ किंवा ‘पॉलिमर’ आधीच रुळला आहे, तिथे तोच लिहावा. मला सोवळे शब्द नकोत, कळणारी वाक्ये हवी आहेत. बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये शिकवत असताना १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढत होते. त्यांच्याजवळ तर असा परिभाषा कोशही नव्हता.

परभाषिक विद्यार्थ्यांविषयीचा आक्षेप मात्र मला मान्य आहे आणि प्रस्तावात मी बदल करतो: विद्यार्थ्याने आपल्या मातृभाषेत लिहावे. तेलुगूतले निवेदन वरंगळला वाचले गेले, तर तोही जनतेचाच पैसा सार्थकी लागला.

घाटवाट यांचे म्हणणे मला पूर्ण पटते, पण त्यासाठी माझा प्रस्ताव मागे घ्यावासा वाटत नाही. प्रश्न ठरवण्यात लोक असावेत आणि शेवटी दोन पानेही असावीत.

प्रयोगवही

मातृभाषेची मुभा दिल्याने माझा विरोध थोडा सौम्य झाला आहे, पण एक व्यावहारिक अडचण उरते. मौखिक परीक्षेला बाहेरून येणारा परीक्षक बहुधा परराज्यातला असतो. तो मराठी वाचत नाही, माझे दोन सहकारी तेलुगू वाचत नाहीत. मग निवेदनात चूक आहे की नाही, हे कोण पाहणार? न तपासलेले लिखाण विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी बाहेर गेले, तर सावधान यांची भीती खरी ठरेल.

माझी एक विद्यार्थिनी येत्या डिसेंबरमध्ये प्रबंध सादर करणार आहे. सांडपाण्यातील रंगद्रव्ये शोषणाऱ्या पदार्थांवर तिचे काम आहे आणि ती इचलकरंजीची आहे, जिथे हा प्रश्न रोजचा आहे. नियम नसतानाही मी तिला दोन पाने लिहायला सांगणार आहे, आणि ती आधी तिच्या गल्लीतल्या कापड रंगवणाऱ्या कारागिराला वाचायला द्यायची, असे आमचे ठरले आहे. जिथे तो अडेल, तिथे खूण करायची. विज्ञान बरोबर आहे का हे मी पाहीन. कळते आहे का हे तो पाहील. प्रत्येक प्रबंधाला असा दुसरा वाचक कोठून आणायचा, याचे उत्तर ओंजळ यांच्या प्रस्तावात अजून नाही. ते मिळेपर्यंत सक्तीला माझा नकार कायम आहे.