मदत हवी आहे : बाबांना वेल्सच्या गोल्फ मैदानावर न्यायचं आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही मोर्शी तालुक्यातले, घरी संत्र्याची बाग. बाबा फौजेत होते आणि कामठीला असताना गोल्फ शिकले. गावात त्यांच्याशी या खेळाबद्दल बोलायला कोणीच नाही, पण टीव्हीवर मॅच असली की आजही उठत नाहीत.

धाकटी बहीण आता वेल्समधल्या न्यूपोर्टला नोकरीला आहे. तिथेच अस्क नदीच्या खोऱ्यात सेल्टिक मॅनर रिसॉर्टचं ट्वेंटी टेन नावाचं गोल्फ मैदान आहे. २०१० चा रायडर कप, म्हणजे युरोप आणि अमेरिकेच्या संघांमधली गोल्फ स्पर्धा, तिथेच झाला. पावसाने इतका घोळ घातला की सामना सोमवारपर्यंत लांबला, आणि युरोपने अमेरिकेला १४½–१३½ असं हरवलं. ती शेवटची चुरस बाबांना तोंडपाठ आहे. ते मैदान त्यांना डोळ्यांनी दाखवायचंच, असं आम्ही भावंडांनी ठरवलंय.

मे महिन्यात जायचा विचार आहे. तिकडे तेव्हा रात्री नऊपर्यंत उजेड असतो, आणि मृगाच्या आत बाबांना परत यायचंच आहे, बाग सोडून ते राहणार नाहीत.

कोणी तिथे जाऊन आलंय का? हँडिकॅपचं (म्हणजे गोल्फमधली खेळाची पातळी दाखवणाऱ्या आकड्याचं) प्रमाणपत्र नसलेल्या पाहुण्याला खेळू देतात का? नुसतं फिरून बघता येतं का? त्यांचा गुडघा दुखतो, म्हणून गोल्फ कार्ट आधीच सांगून ठेवावी लागते का? आणि काठ्या इथून न्याव्यात की तिथे भाड्याने बऱ्या मिळतात? बाबा डावखुरे आहेत, त्यामुळे हे जरा नीट सांगा.