मदत हवी आहे: झेंडा अर्ध्यावर घेताना दोरी कशी बांधायची? (तातडीचं)

डोंगरवाट
परवा सकाळी आठला झेंडा अर्ध्यावर घ्यायचा आहे. खांब लोखंडी, २५ फुटी, वर पुली. काल रात्री जुनी चादर बांधून दोनदा करून पाहिलं. अर्ध्यावर आणली की वाऱ्याने खांबाला गुंडाळते आणि खालच्या खुंटीला चार वेढे देऊनही दोरी सरकते. गाठ कोणती मारायची? आणि अर्धं म्हणजे कुठून मोजायचं, जमिनीपासून की चौथऱ्यापासून? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा. वेळ नाही, कृपया फाटे फोडू नका.

कोरडवाहू
कुठला खांब? शाळा की ग्रामपंचायत? आणि गेलं कोण? बातम्यांत तर काही दिसलं नाही.

जुनी_शिटी
पोलीस खात्यात ३४ वर्षं काढली, म्हणून सांगतो. ध्वज थेट अर्ध्यावर नेऊन थांबवायचा नसतो. आधी टोकापर्यंत चढवायचा, क्षणभर थांबायचं, मग सावकाश अर्ध्यावर आणायचा. संध्याकाळी उतरवतानाही पुन्हा टोकापर्यंत नेऊन मगच खाली. दोरीचं म्हणाल तर नायलॉनची काढून सुती लावा, सरकणार नाही. पण आदेश कोणाकडून आलाय ते लिहा, बाकी सगळं त्यावर आहे.

डोंगरवाट
आदेश कसला? परवा २१ ऑक्टोबर, पोलीस स्मृतिदिन. सगळ्यांना माहीत असेल असं धरून चाललो होतो. आमची सोसायटी आहे, ६४ घरं. बी विंगमधले आमचे हवालदारदादा फेब्रुवारीत रात्री नाकाबंदीला उभे होते. ट्रक थांबला नाही. ४१ वर्षांचे होते. गणपतीत मांडव उभारण्यापासून पाण्याचा टँकर बोलावण्यापर्यंत सगळ्यात ते पुढे असायचे. कमिटीने ठराव केलाय, त्यांच्यासाठी दिवसभर झेंडा अर्ध्यावर ठेवायचा.

काळा_कोट
थांबा. झेंडा म्हणजे तिरंगाच ना? मग हे करू नका. राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंध कायदा, १९७१. सरकारच्या सूचनेवरून सार्वजनिक इमारतींवरचा ध्वज अर्ध्यावर असेल तेवढेच प्रसंग सोडून इतर वेळी तो अर्ध्यावर फडकवणं हा त्या कायद्याने अवमान ठरतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. सोसायटीच्या ठरावाला इथे काही अर्थ नाही.

हडसनकाठ
मी न्यू जर्सीत २२ वर्षं राहते. इथे १५ मे हा कामी आलेल्या पोलिसांचा स्मृतिदिन. केनेडींच्या काळात, १९६२ साली, तो सुरू झाला आणि त्या दिवशी ध्वज अर्ध्यावर घ्यायचं १९९४ च्या कायद्यात आलं. सरकारी इमारतींवर तर असतोच, पण लोकांनीही आपापल्या घरावरचा ध्वज अर्ध्यावर घ्यावा असं राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेतच आवाहन असतं. आमच्या शेजारचे आजोबा पहाटे उठून घेतात. भावना शुद्ध असेल तर कोण अडवणार? करा बिनधास्त.

काळा_कोट
ताई, तिथला कायदा तिथे. तिकडे नागरिकाला आवाहन करतात, इथे नागरिकाला मनाई आहे. 'करा बिनधास्त' म्हणणं सोपं आहे, पण उद्या कोणी फोटो काढून तक्रार केली तर नाव कमिटीचं येणार, तुमचं नाही.

हडसनकाठ
मी कोणाला अडचणीत टाकायला लिहिलं नव्हतं. इथे डोळ्यांनी बघते आणि आपल्याकडे असं का नाही म्हणून जीव तुटतो, एवढंच.

डोंगरवाट
लतादीदी गेल्या तेव्हा दोन दिवस झेंडे अर्ध्यावर होते, आम्हीही हात जोडले होते. मंत्री गेले की होतात. मग रात्री दोनला रस्त्यावर उभा राहणारा माणूस गेला तर का नाही? मला वाद घालायचा नाही, खरंच विचारतोय.

काळा_कोट
प्रश्न रास्त आहे. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान गेले तर देशभर, राज्यपाल किंवा मुख्यमंत्री गेले तर त्या राज्यात, असं ध्वजसंहितेतच लिहिलंय. बाकीच्यांसाठी सरकार वेगळा आदेश काढतं. लतादीदींसाठी ६ आणि ७ फेब्रुवारी २०२२ चा तसा आदेश होता. तुमची मागणी सरकारकडे लेखी पाठवा, मी मसुदा करून देईन. पण परवासाठी नाही.

सुतगिरणी
एक विचारतो, तुमचा झेंडा खादीचा आहे की पॉलिस्टरचा? पॉलिस्टरला डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली हे मला आजही पटत नाही. खादीचा जड असतो, असा गुंडाळत नाही.

कोरडवाहू
दादा, वेगळा धागा काढा ना. इथे माणूस कशात आहे बघा.

वैनगंगा
मी गडचिरोलीची. १ मे २०१९ ला जांभूरखेड्याजवळ भूसुरुंग फुटला, १५ पोलीस आणि गाडीचा चालक गेला. महाराष्ट्र दिन होता, सकाळीच सगळीकडे ध्वजवंदन झालेलं. त्या दिवशी आमच्या आळीत कोणाच्या घरी चूल पेटली नाही. झेंड्याचं कोणाच्या मनातही आलं नाही. नंतर गावातल्या मुलींनी त्या सोळा जणांची नावं वहीत लिहून काढली आणि दर वर्षी वाचतात. घरच्यांना त्याचंच बरं वाटतं, नाव कोणी तोंडाने घेतलं की.

जुनी_शिटी
वैनगंगा, बरोबर बोललात. २१ तारखेला आम्ही हेच करायचो. १९५९ साली याच दिवशी लडाखात हॉट स्प्रिंग्जला चिनी सैन्याच्या गोळीबारात आपले दहा पोलीस गेले, तिथून हा दिवस सुरू झाला. परेडवर शोकशस्त्र, म्हणजे बंदुकांची नळी खाली करून मानवंदना, होतं, बिगुल वाजतो आणि वर्षभरात देशभरात कामी आलेल्या प्रत्येकाचं नाव वाचतात. आपल्या ठाण्यातला कोणी त्या यादीत असला की त्याच्या नावापर्यंत पाय लटपटतात. डोंगरवाट, पोलीस ठाण्यात आजच फोन करा. मुख्यालयातल्या परेडला कुटुंबीयांना बोलावतात, वहिनींना निरोप पोहोचलाय का ते आधी बघा.

डोंगरवाट
वहिनींना विचारलंच नव्हतं. आत्ता जाऊन आलो. परेडचं पत्र त्यांना आठवड्यापूर्वीच आलंय, आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. सोबत कोणी नाही म्हणून जाणार नव्हत्या. झेंड्याचं सांगितलं तर म्हणाल्या, तो खाली आणलेला ह्यांना चालला नसता, दर १५ ऑगस्टला दोरी हेच ओढायचे.

अर्ध्यावर घेणं रद्द. कमिटीला कळवलंय, अध्यक्ष नाराज आहेत, त्यांच्याशी रात्री बोलतो. परवा पहाटे दोन गाड्या करून आम्ही अकराजण वहिनींबरोबर परेडला जातोय. संध्याकाळी सातला खांबापाशी फोटो, समई आणि नाव. काळा_कोट, मसुदा मात्र पाठवा, सह्या मी जमवतो.

जुनी_शिटी काका, एकच सांगा. परेडला लहान मुलं चालतात का? धाकटी सहा वर्षांची आहे, गोळ्यांच्या फैरी झाडतात का तिथे?

जुनी_शिटी
चालतात. फैरी झाडल्या तर आवाज मोठा होतो. तिला आधी सांगून ठेवा, कानावर हात ठेवायला तुम्ही शेजारी बसा. आणि पाण्याची बाटली न्या, ऊन लागतं.