एलिझाबेथन थिएटरच्या नोट्स पाठ झाल्यात, पण नाटकाशी संबंध कसा लावायचा?

घोकंपट्टी_एक्सप्रेस:
बीएला इंग्लिश लिटरेचर आहे. पहिल्या युनिटमध्ये मॅडमनी थिएटरची सगळी माहिती उतरवून दिली, १५७६ ला जेम्स बर्बेजने लंडनजवळ शोरडिचला 'द थिएटर' नावाचं नाट्यगृह बांधलं, मग १५९९ ला ग्लोब हे दुसरं, एक पेनी देऊन उभं राहून बघणारे ग्राउंडलिंग्ज, बायकांची कामं पोरं करायची, सेट नाही, लाइट नाही वगैरे वगैरे. आणि दुसऱ्या युनिटला डायरेक्ट मार्लोचं नाटक डॉक्टर फॉस्टस सुरू, सैतानाला आत्मा विकणाऱ्या विद्वानाचं. पेपरात मात्र दोन्हीचा संबंध विचारतात. काय लिहायचं? मी शेक्सपिअरच्या मॅकबेथचं उदाहरण टाकणार होतो, चालेल ना?

नाटकवेडी:
मॅकबेथ नको रे. एलिझाबेथ राणी गेली १६०३ ला, मॅकबेथ साधारण १६०६ चं, म्हणजे पहिल्या जेम्सच्या काळातलं. त्यात बँको नावाचं पात्र आहे तो पण जेम्सचा पूर्वज समजला जायचा, त्यामुळे ते नाटक त्या राजाशीच जास्त जोडलेलं आहे. कडक परीक्षक असेल तर मार्क कापेल. शेक्सपिअरचंच हॅम्लेट घे, ते १६०० च्या आसपासचं.

विंगेतला_माणूस:
सेट नाही लाइट नाही हे नुसतं लिहून काही होत नाही, त्यामुळे नाटककाराला काय करावं लागलं ते दाखव. हॅम्लेटचा पहिला सीन वाच. प्रयोग दुपारी, डोक्यावर लख्ख ऊन, आणि सीन आहे मध्यरात्रीचा. मग काय, पहारा बदलायला आलेला शिपाईच आधी विचारतो कोण आहे तिकडे म्हणून, खरं तर विचारायला पाहिजे जो आधीपासून पहाऱ्यावर उभा आहे त्याने! लगेच बारा वाजून गेल्याचं येतं, कडाक्याची थंडी येते. झाली रात्र, पाच-सहा वाक्यांत, आणि सगळे टरकलेत हे पण कळलं.
आणि फॉस्टसचा शेवट बघ, बाराला सैतान त्याला न्यायला येणार असतो. अकराचे टोले पडतात आणि साठेक ओळींत बारा वाजतात. त्यातही पहिल्या अर्ध्या तासाला जास्त ओळी आणि दुसऱ्याला कमी, म्हणजे वेळ हातातून सुटत चाललीय ते बोलण्यातूनच. हे सगळं डोळ्यांनी वाचून कळणार नाही, मोठ्याने वाच आणि टोल्याच्या जागी टेबलावर हाणत जा.

घोकंपट्टी_एक्सप्रेस:
भारी! आणि ते पोरांनी बायकांची कामं करण्याचं? त्याला फॉस्टसमध्ये काही आहे का, त्यात बायका तर नसल्यातच जमा.

नाटकवेडी:
आहे की, ग्रीक कथांमधली ट्रॉयची हेलन. जगातली सगळ्यात सुंदर बाई स्टेजवर येते आणि एक शब्द बोलत नाही. पोरगा नुसता चालत जातो, सौंदर्य सगळं फॉस्टसच्या तोंडी. बालगंधर्वांच्या गोष्टी ऐकत मोठे झालेल्या आपल्या लोकांना यात नवल वाटायला नको, फक्त तिथे गाणं नव्हतं मदतीला. अर्थात ती मुळात हेलन नसून सैतानी माया आहे म्हणूनही गप्प असेल, दोन्ही लिही.

जुना_प्रॉम्प्टर:
एक राहिलं. नटांना अख्खं नाटक हातात मिळायचंच नाही, फक्त स्वतःची वाक्यं आणि त्याआधीच्या माणसाच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द. फॉस्टस गाजवणारा एडवर्ड ॲलन, त्याची एका दुसऱ्या नाटकातल्या भूमिकेची अशी प्रत अजून जपून ठेवलेली आहे लंडनच्या डलिच कॉलेजात. वर जवळपास रोज वेगळं नाटक, तालमी जेमतेम. म्हणजे समोरचा काय बोलणार ते कान देऊन ऐकण्याशिवाय गत्यंतर नाही. वर्गात करून बघा, चौघांनी आपापल्याच चिठ्ठ्या घ्यायच्या आणि पुस्तक बंद. पहिल्यांदा पार बोजवारा उडेल पण मजा येते.

घोकंपट्टी_एक्सप्रेस:
मॅडमना विचारतो, पण पोर्शन राहिलाय म्हणतील बहुतेक. कँटीनमध्येच करतो.